कुठली जर्र?

आकुर्डीचा मुक्काम दोन दिवसांवर आला होता आणि आमच्या मंडळाचा पखवाज अचानक बसला. फुटला नाही, फाटला नाही, सूरही उतरला नाही. गुरुवारी घंटेसारखा बोलणारा पखवाज सोमवारी संध्याकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजायला लागला. 'ता'वर बोटं पडली की नाद उमलायच्या आत मरायचा आणि त्याच्या मागे एक बारीकशी 'जर्र' उरायची. व्हायब्रेटवर टाकलेला मोबाईल लोखंडी कपाटावर ठेवला की होतं ना, तसं काहीतरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती पहिल्या रात्री देहूतच इनामदार वाड्यात थांबते आणि दुसऱ्या रात्री आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. बाकी महाराष्ट्रासाठी वारी म्हणजे दिवे घाट आणि रिंगण. आम्हा पिंपरी-चिंचवडवाल्यांसाठी वारी म्हणजे आकुर्डीची ती एक रात्र. त्या रात्री परिसरातली भजनी मंडळं जागोजागी उभी राहतात आणि कोणाचा पखवाज कसा वाजला यावर पुढचं वर्षभर चर्चा चालते. आमचं मंडळ तळवड्याचं. त्यात दोन फिटर, एक टूलरूमवाले, एक रिक्षावाले काका, सिक्युरिटीत असलेले दोघं आणि बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या लाइनवर. भजनाची वेळ सेकंड शिफ्ट आणि थर्ड शिफ्ट बघून ठरते. पखवाजावर गेली बावीस वर्षं माझे वडील, आप्पा.

सोमवारी पहिल्यांदा मान वर केली ती पेटीवाल्या काकांनी. मग टाळकऱ्यांपैकी दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अभंग संपला तसे काका म्हणाले, "माउली, पखवाज बसलाय."

आप्पांनी पेटीवर काळी चार धरायला लावली, पुडीवर बोट मारलं आणि म्हणाले, "लागलाय की! हवा पावसाळी आहे, जरा गुंज कमी येणारच."

सूर खरंच लागलेला होता, तिथे आप्पांची काही चूक नव्हती. म्हणूनच मला त्या पखवाजात रस वाटायला लागला.

माझी नोकरी चाकणला, गाड्यांच्या एका कंपनीत. पोस्टाचं नाव लांबलचक आहे. काम एवढंच की नव्या गाडीतला खडखडाट शोधायचा. बझ, स्क्वीक, रॅटल. खडबडीत ट्रॅकवर गाडी चालते, मी मागच्या सीटवर फेल्टची पट्टी आणि टेप घेऊन बसते आणि कुठे 'किर्र' होतंय ते हुडकते. या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट अशी की आवाज जिथून ऐकू येतो तिथून तो बहुतेक वेळा येत नसतो. डॅशबोर्ड ओरडतोय असं वाटतं आणि दोषी निघतो काचेच्या खांबावरचा प्लास्टिकचा तुकडा. दुसरी गोष्ट, कानावर विश्वास ठेवा पण हाताने पडताळा. संशयित भागावर तळहात दाबून धरायचा. आवाज थांबला तर चोर सापडला.

भजन सुटल्यावर पखवाज घरी आणला आणि हॉलमध्ये सतरंजीवर आडवा ठेवला. आप्पा समोर बसले. आई म्हणाली, "आता याचीही टेस्टिंग का?" हो, याचीही.

आधी पखवाजाबद्दल थोडं. लाकडी खोड, दोन्ही तोंडांना चामड्याच्या पुड्या आणि त्या ताणून धरणाऱ्या वाद्या. वाद्यांखाली लाकडी गठ्ठे. ते सरकवले की ताण कमी-जास्त होतो. डावीकडच्या मोठ्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. उजवीकडच्या पुडीवर मधोमध कायमची काळी शाई असते. शाईभोवती उघडं चामडं, ते मैदान, आणि काठावर दुसऱ्या चामड्याची कडी, ती चाट. पुडीच्या कडेने वेणीसारखा विणलेला गजरा असतो. हातोडीचे ठोके त्या गजऱ्यावर पडतात.

सगळी जादू त्या काळ्या टिकलीत आहे. नुसतं चामडं ताणून वाजवलं तर त्यातून मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे सूर निघतात. ते एकमेकांशी जमत नाहीत, म्हणून साध्या ढोलातून 'ढब' ऐकू येतं, 'सा' ऐकू येत नाही. आपल्या मृदंग-तबल्यांतून मात्र गाता येईल असा सूर निघतो. का, हे पहिल्यांदा नीट दाखवलं सी. व्ही. रामन यांनी. १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये यावर लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. मधल्या शाईच्या वजनामुळे ते विस्कटलेले सूर सरकून जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा रांगेत येऊन बसतात. नोबेल त्यांना प्रकाशावरच्या कामासाठी मिळालं, पण मला विचाराल तर चामड्यावरचं हे काम जास्त लाडकं आहे. रामन यांनी शोधलं ते 'का'. 'कसं' हे पुडी बनवणाऱ्यांच्या बोटांना कित्येक पिढ्या आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांची नावं कुठल्याच निबंधात नाहीत.

आता आमचा रुग्ण.

सूर काळी चारवर कायम होता, म्हणजे ताण कायम होता. वादी तुटली असती किंवा गठ्ठा निसटला असता तर सूर आधी उतरला असता. तरी सगळ्या वाद्या बोटाने एकेक ओढून बघितल्या. शाबूत.

मग गजरा. पुडी गजऱ्याखाली जिथे भोकं पाडून विणलेली असते तिथे कधी कधी फाटायला लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही. त्याची परीक्षा अशी की काठाकाठाने गोल फिरत सोळा घरं एकेक वाजवायची. एखाद्या घरी सूर हलला तर त्या घराखाली फाट आहे असं समजायचं. आमची सोळाही घरं एका सुरात.

खोडाला चीर गेली तरी नाद मरतो, कारण आतली हवा निसटते आणि दोन पुड्यांचं एकमेकींशी बोलणं तुटतं. माठ घेताना जसा वाजवून घेतो तसं बोटाच्या पेराने खोड पूर्ण लांबीभर ठोकून बघितलं. कुठेही भदभद नाही.

धुम्यावरची कणीक काढली, पुसून नवी लावली. कणीक जास्त वाळली तर डावी बाजू टणटणते, जास्त झाली तर गुदमरते, आणि हवेच्या मार्गाने त्याचा उजव्या बाजूवरही परिणाम होतो. काही फरक नाही.

चाट आणि मैदान यांच्यामधून वहीच्या कागदाची पट्टी फिरवली. घाम आणि दमट हवेने चाट कधी कधी खाली चिकटते आणि 'ता' मरतो. पट्टी सुळकन फिरली.

उरली शाई. शाई म्हणजे लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा लेप, एकावर एक थर देऊन प्रत्येक थर दगडाने घोटलेला. नीट बघितलं तर तिच्यावर बारीक भेगांची जाळी दिसते. नवख्याला वाटतं पुडी खराब झाली. उलट आहे. त्या भेगांमुळेच शाईचा प्रत्येक कण सुटा हलतो आणि कातडं वाकू शकतं. अखंड, गुळगुळीत, डांबरासारखी शाई असती तर ती पत्र्यासारखी वागली असती. अट एवढीच की प्रत्येक कण शेजाऱ्यापासून सुटा हवा आणि खालच्या कातड्याला मात्र घट्ट हवा. एक जरी कण कातड्यापासून सुटला, तरी तो प्रत्येक कंपनाला उचलला जातो आणि परत कातड्यावर आपटतो. नादाची ताकद तो खातो आणि तिची खरखर करून टाकतो.

म्हणून मी एका हाताने चाटेवर वाजवत राहिले आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने शाईवर एकेक जागा दाबत गेले. मधोमध दाबलं, जर्र होतीच. वरच्या कडेला होतीच. माझ्याकडच्या कडेला, घड्याळात चारचा काटा असतो तिथे, करंगळी टेकली आणि जर्र गप्प. उचलली, जर्र. टेकली, गप्प.

"सापडली," मी म्हणाले. "आप्पा, ऐका. आता जर्र आहे. आता नाही."

आप्पा पुढे वाकले. मी पुन्हा करून दाखवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पखवाजाकडे बघितलं.

"कुठली जर्र?"

मला वाटलं चेष्टा करतायत. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, ती काय, मला इथवर ऐकू येतेय." आप्पा काही बोलले नाहीत. माझा हात बाजूला करून त्यांनी स्वतःचं बोट शाईवर ठेवलं, मला वाजवायला सांगितलं आणि डोळे मिटून बोट हळूहळू फिरवत नेलं. चारच्या काट्यावर येऊन ते थांबलं.

"हां. इथे सुटलीय. बोटाला लागतंय."

मी फोनवरचं एक फुकटचं ॲप उघडलं, आवाजाचा आलेख दाखवणारं. आमच्या कामात याच्या कितीतरी पट महागडी अवजारं असतात, पण घरी हे पुरतं. मूळ सूर आणि त्याच्या दुप्पट-तिप्पटीचे खांब कमी उंचीचे, पण जागेवर होते. जर्र मात्र अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर, गवतासारखी पसरलेली. म्हणजे आप्पांना पखवाजाचा सूर ऐकू येत होता, थोडी गुंज बसलेलीही ऐकू येत होती. त्यावरचं गवत त्यांच्यासाठी नव्हतंच.

मंगळवारी सकाळी रजा टाकून पुडी घेऊन पुण्यात गेले, पेठेतल्या एका बोळात. तिथल्या चाचांनी माझी सगळी हकीकत मान हलवत ऐकली आणि उत्तरादाखल शाईच्या कडेला नख घातलं. तांदळाएवढा काळा तुकडा टपकन त्यांच्या तळहातावर पडला. "ही आगीने गेलीय," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, म्हणून मंडळातल्या पोरांनी रविवारी पखवाज हॅलोजनसमोर शेकायला ठेवला होता, अगदी जवळ. ओलं कातडं एका बाजूने भराभर आकसलं, शाई काही आकसली नाही, आणि मधला जोड सुटला. शेकायचं असेल तर लांबून, हळू आणि फिरवत. हे चाचांचं वाक्य पोरांना मी जसंच्या तसं सांगितलं, त्यांच्या आवाजासकट.

तयार पुडी मिळाली, चढली. बुधवारी रात्री आकुर्डीत दर दोन अभंगांनंतर ती उतरत होती. नवी पुडी बसेपर्यंत असं होतंच. आप्पा तेवढ्याच शांतपणे दर दोन अभंगांनंतर हातोडी घेत होते. चांगलं झालं भजन.

पालखी पुढे गेल्यावर आठवड्याभराने आप्पांना निगडीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते आले ते माझ्या आग्रहाखातर, आणि येताना वाटभर सांगत होते की ऐकू न यायला काय झालंय, पेटीतला एक सूर हलला तरी मला कळतो. डॉक्टरांनी आधी उजेड पाडून कान बघितला. मग स्टीलचा दुहाती काटा काढला, कोपरावर आपटून आप्पांच्या कानाशी धरला.

"ऐकू येतंय?"

"येतंय," आप्पा म्हणाले. "पांढरी एक. पण उतरलेली आहे."

डॉक्टर गोंधळले. काट्यावर ५१२ कोरलेलं होतं. हल्लीच्या पेटीतली ती पांढरी एक ५२३ हर्ट्झला असते. माझ्या वडिलांनी डॉक्टरांचा काटा अकरा हर्ट्झने खाली आहे हे एका क्षणात पकडलं होतं.

मग काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन. टीं वाजलं की बटण दाबायचं. कागदावर जो आलेख आला तो मी रोज बघते त्यातल्या कुठल्याही आलेखाइतकाच स्पष्ट होता. २५० हर्ट्झ ठीक, ५०० ठीक, १००० ठीक. २००० ला रेघ उतरायला लागते, ४००० ला दरीत पडते, ८००० ला थोडी वर येते. दोन्ही कानांना सारखीच दरी. डॉक्टरांनी कागद न उचलताच विचारलं, "काम काय करायचात?"

"प्रेस शॉप."

"किती वर्षं?"

"तीस."

१९८८ ते २०१८, भोसरीच्या एमआयडीसीत. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पॉवर प्रेस. जिथे दिवसभर लोखंडावर लोखंड पडतं तिथे शंभर डेसिबल ही काही मोठी गोष्ट नसते. कारखान्यांच्या नियमांत गणित होतं: ९० डेसिबलमध्ये आठ तास, ९५ मध्ये चार, १०० मध्ये दोन, १०५ मध्ये एक. आप्पा आठ तास करायचे, आणि ओव्हरटाइम असला की बारा. कानात कापसाचे बोळे. कापूस मनाला बरा वाटतो, आवाजाला फारसा अडवत नाही. खरे इअरमफ स्टोअरमध्ये होते. ऑडिटच्या दिवशी मिळायचे आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जायचे. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमात, तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवायलाच हव्या अशा आजारांच्या यादीत होता. आप्पांच्या शॉपमध्ये तीस वर्षांत एकदाही कोणाच्या कानाला हेडफोन लागला नाही, तर कळवणार कोण आणि काय?

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानाचा पडदा उत्तम आहे. गेलंय ते त्याच्या आत, शंखासारख्या नळीत, जिथे आवाज पकडणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. मोठ्या आवाजाने सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशी जातात. त्या परत उगवत नाहीत. म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण स, श, फ गळतात. "सात वाजले" आणि "आठ वाजले" यात फरक राहत नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पुडी बदलायची नाही म्हणता?"

डॉक्टरांना कळलं नाही. मला हसू आलं आणि मग नाही आलं.

श्रवणयंत्र घेतलं. घरात ते लावतात, आणि कुकरच्या शिट्टीला दचकतात. भजनात काढून ठेवतात. यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं, पखवाज आणि पंचवीस टाळ त्यात शिरले की ते शिट्ट्या मारायला लागतं. सूर अजूनही तेच लावतात, कारण मंडळात तेवढा पक्का कान दुसऱ्या कोणाचा नाही. शेवटी पेटीवाल्या काकांकडे बघतात, काका मान हलवतात, मग हातोडी खाली. या व्यवस्थेवर कोणी चर्चा केली नाही, ती आपोआप झाली.

एक गोष्ट आप्पांनी स्वतःहून सुरू केली. मंडळात नवा पोरगा आला की गाव कुठलं हे आधी विचारायची पद्धत होती. आता आप्पा आधी विचारतात, "कुठल्या शॉपला?" प्रेस, फोर्जिंग, फेटलिंग यातलं उत्तर आलं की पुढच्या रविवारी त्याला निगडीला धाडतात. आतापर्यंत पाच जण गेले. दोघांचा कागद स्वच्छ आला. दोघांनी कागद दाखवला नाही. पाचवा एकतीस वर्षांचा आहे, महाळुंग्याला नाइट शिफ्ट करतो, हात चांगला आहे, आप्पांकडे पखवाज शिकतो. त्याच्या ४००० वर छोटासा खड्डा दिसायला लागलाय, डाव्या कानाला जास्त. कंपनी इअरप्लग देते, तो एकच लावतो. उजव्या कानात. डाव्यात मोबाईलचा इअरफोन असतो, अभंग ऐकायला, प्रेसच्या वर ऐकू येईल एवढ्या आवाजात.